मुळांवरच्या गुलाबी गाठी

अन्न आणि पर्यावरण यांच्याबद्दल बोलणं निघालं की चर्चा बहुतेक वेळा दोन-तीन ठरावीक मुद्द्यांवर येऊन ठेपते. प्लास्टिकची वेष्टनं, माल किती लांबून आला, आणि कीटकनाशकं. हे मुद्दे खोटे नाहीत. पण गेली काही वर्षं या विषयावर हाती लागेल ते वाचत असताना माझं मन एकाच गोष्टीभोवती घोटाळत राहिलं आहे, आणि ती म्हणजे नत्र, अर्थात नायट्रोजन. ते कुठून येतं, आपल्या अंगात कसं शिरतं आणि नंतर कुठे जातं, एवढं जरी नीट पाहिलं तरी आपण अन्न पिकवण्यात आणि खाण्यात कुठे चुकतो आहोत ते लख्ख दिसायला लागतं. म्हणून आज त्याच्याचबद्दल लिहिते आहे.

खरं तर नत्राला तोटा नाही. हवेचा ७८ टक्के भाग नत्रच आहे. पण हवेत त्याचे अणू जोडीजोडीने, तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की ते सोडवणं ना झाडाला जमतं, ना प्राण्याला. आणि प्रथिनं, हरितद्रव्य, डीएनए यांतलं काहीही नत्राशिवाय बनत नाही. दर श्वासाला आपण छातीभर नत्र आत घेतो आणि ते जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यातलं कणभरही अंगी लागत नाही. अंगी लागतं ते फक्त अन्नातून आलेलं, म्हणजे आधी कुणीतरी ती गाठ सोडवून मातीत आणून ठेवलेलं.

ते कोण करतं हे बघायचं असेल तर वाटाण्याचं एक रोप फुलावर आल्यावर मुळांसकट अलगद उपटावं. हिसका द्यायचा नाही, माती आधी भिजवून सैल करायची. मग मुळं पाण्यात हलकेच हलवत माती सोडवली की बारीक तंतूंवर छोट्या, लांबट गाठी चिकटलेल्या दिसतात. मी कुंडीतल्या रोपाची अशी एक गाठ नखाने फोडून भिंगाखाली धरली होती. आतून ती गुलाबी होती, आणि गुलाबी म्हणजे फुलासारखी नव्हे, तर रक्ताची झाक असलेली. ती झाक ज्याची आहे त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्याचं जवळचं नातं आहे. गाठीत राहतात रायझोबियम जातीचे जिवाणू. हवेतल्या नत्राचा तिहेरी बंध तोडणारं विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे असतं, पण ऑक्सिजन लागला की ते विकर निकामी होतं. जिवाणूला जगायला मात्र ऑक्सिजन हवाच. म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच, मोजून पुरवतं. रोप जिवाणूला साखर देतं, जिवाणू रोपाला नत्र देतो. गाठ आतून गुलाबी असेल तर कारभार चालू आहे, हिरवट-करडी झाली असेल तर संपला. मातीच्या साध्या तापमानाला, कुठलाही आवाज किंवा धूर न करता हे होत असतं. मला याचं आश्चर्य अजून पुरलेलं नाही.

शेंगवर्गीय पिकानंतर घेतलेलं धान्य जोमाने येतं हे शेतकऱ्यांना हजारो वर्षं ठाऊक होतं. त्याचं कारण १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्ट या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्याच्याही आधीपासून इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे एक प्रयोग सुरू होता आणि तो आजही सुरू आहे. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेताचे पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच द्यायचं नाही, एकाला शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी रासायनिक खतं, आणि गहू मात्र सगळीकडे. ज्या पट्ट्याला तेव्हापासून काहीच मिळालेलं नाही, तिथे गहू अजूनही येतो, हेक्टरी साधारण एक टन. शेजारच्या खत मिळालेल्या पट्ट्यांत त्याच्या कितीतरी पट येतो. काहीच परत दिलं नाही तरी माती मरत नाही, पण तेवढ्या एका टनावर आठशे कोटी माणसं जगू शकत नाहीत. शिवाय शेणखताचा पट्टाही खताच्या पट्ट्यांच्या तोडीस तोड उतारा देतो, हेही त्याच शेतात दिसतं. नत्र कुठल्या रूपात आलं याची पिकाला फारशी पर्वा नसते. मातीला असते, पण तो वेगळा, मोठा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपला नत्राची खरीखुरी भीती वाटू लागली होती. पेरू देशाच्या बेटांवरची, खत म्हणून वापरली जाणारी पक्ष्यांची विष्ठा खरवडून संपत आली होती आणि चिलीच्या वाळवंटातला नायट्रेटचा साठाही कधीतरी संपणारच होता. १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या रसायनशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या भाषणात बजावलं की हवेतलं नत्र पकडण्याची युक्ती सापडली नाही तर गव्हाचा तुटवडा अटळ आहे. युक्ती सापडली. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनियाचे थेंब गाळून दाखवले. कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे उत्पादन सुरू झालं. वाटाण्याच्या गाठीत जे गारव्याला होतं त्यासाठी इथे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दोनशे पट दाब लागला. लगेच पेटलेल्या महायुद्धात याच अमोनियापासून स्फोटकंही बनली, आणि विषारी वायूच्या हल्ल्यांमागेही हाबरच होता. या माणसाचं काय करायचं हे इतिहासाला अजून ठरवता आलेलं नाही.

आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं पोट या प्रक्रियेवर चालतं असा अंदाज आहे. जगाची सरासरी धरली तर आपल्या प्रत्येकाच्या स्नायूंमधलं निम्म्याच्या आसपास नत्र कारखान्यातून आलेलं आहे. रासायनिक खताला एका वाक्यात खलनायक ठरवणारं बोलणं ऐकलं की मला हे आठवतं. ज्याच्यावर मी उभी आहे त्याला विष म्हणणं मला जमत नाही. पण म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. या अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायू आणि कोळशातून काढतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड तिथेच बाहेर पडतो. आणि खरं दुखणं पुढेच आहे.

शेतात जेवढं नत्र पडतं त्यातलं जगाच्या सरासरीने निम्म्याहून कमी पिकात उतरतं. बाकीचं जातं कुठे? युरिया नुसता वर फेकून दिला आणि मातीआड झाला नाही तर त्यातला काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. जे मातीत उतरतं त्याचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर पाझरत खाली, तिथून विहिरीत, ओढ्यात, नदीत जातं. आणि जिथे माती पाण्याने गच्च होऊन हवा कोंडते, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड बनवतात. हा वायू शंभरहून अधिक वर्षं वातावरणात टिकतो आणि किलोला किलो धरलं तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडकवतो. तो ओझोनच्या थरालाही खातो. शेताच्या बांधावर उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. पीक हिरवंगार असतं, उलट जरा जास्तच हिरवं.

नदीच्या दुसऱ्या टोकाला मात्र दिसतं. अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या सुमारे ४० टक्के भागाचं पाणी मिसिसिपी नदी गोळा करते आणि मेक्सिकोच्या आखातात सोडते. वसंतात या पाण्याबरोबर शेतांतलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) येतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वरच्या थरात शैवाल बेसुमार वाढतं, मरतं आणि तळाशी जाऊन कुजतं. कुजवणारे जिवाणू तळाचा ऑक्सिजन संपवतात आणि वरच्या गोड्या थरामुळे नवा ऑक्सिजन खाली पोचत नाही. ज्या माशांना पळता येतं ते पळतात. तळाच्या गाळात राहणारे किडे, शिंपले गुदमरून मरतात. १९८५ पासून दर उन्हाळ्यात या मृत पट्ट्याचं मोजमाप होतं. २०१७ मध्ये तो २२,७२० चौरस किलोमीटर भरला, आजवरचा सगळ्यात मोठा. हे सगळं खत कुणीतरी पैसे मोजून विकत घेतलेलं होतं. ते समुद्रात जावं अशी एकाही शेतकऱ्याची इच्छा नव्हती.

मग बंदच करून टाकावं का? श्रीलंकेने २०२१ मध्ये ते करून पाहिलं. मे महिन्यात सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली आणि सगळी शेती सेंद्रिय करायची ठरवली. शेतकऱ्यांकडे पुरेसं कंपोस्ट नव्हतं, हिरवळीचं खत घ्यायला हंगाम मिळाला नव्हता, कुणी शिकवलेलं नव्हतं. भाताचं पीक घसरलं, चहाला फटका बसला, तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. देश पुढे आर्थिक संकटात सापडला त्याची इतरही कारणं होती, पण या निर्णयाने शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं हे खरं. सेंद्रिय शेतीवर माझा विश्वास आहे आणि म्हणूनच या प्रकाराचं मला वाईट वाटतं. माती सुधारायला वर्षं लागतात. ती फतवा काढून एका हंगामात सुधारत नाही. चांगली गोष्ट अशी लादली की तिचं नाव बदनाम होतं, आणि पुढची कित्येक वर्षं कुणी तिचं ऐकून घेत नाही.

याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट चीनमधली आहे, आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोचली याची मला हळहळ वाटते. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत तिथे सुमारे २ कोटी १० लाख छोट्या शेतकऱ्यांबरोबर मका, भात आणि गव्हावर काम झालं. हजाराहून अधिक संशोधक आणि हजारो कृषी कर्मचारी त्यात होते. त्या त्या भागाची माती, हवामान आणि वाण बघून सल्ला दिला गेला: पेरणी कधी, रोपांची दाटी किती, खत किती आणि कुठल्या हप्त्यात. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. उत्पादन सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि नत्राचा वापर १५ ते १८ टक्क्यांनी घटला. यात चमत्कार कुठलाच नाही. पिकाला भूक लागते तेव्हाच, मुळांपाशी, दोन-तीन हप्त्यांत खत द्यायचं, मातीआड करायचं आणि आधी मातीत काय आहे ते बघायचं. हे पुस्तकात आधीपासून होतं. नवीन होती ती माणसं. हेबेई प्रांतात २००९ पासून चीनच्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी गावातच मुक्कामाला राहू लागले आणि शेतकऱ्यांच्या बरोबरीने प्रयोग करू लागले. कागदावरची शिफारस आणि शेजारी राहणाऱ्या, रोज बांधावर दिसणाऱ्या माणसाचा सल्ला यांत फरक पडणारच. अमुक इतकं खत कमी टाक, असं सांगणं म्हणजे शेतकऱ्याला वर्षाच्या कमाईवर जोखीम घ्यायला सांगणं आहे. ती जोखीम त्याच्याबरोबर उचलायला कुणी उभं असेल तरच तो ऐकतो.

नेदरलँड्समध्ये नेमकं हेच राहून गेलं असं मला वाटतं. छोट्याशा देशात प्रचंड पशुधन, बाहेरून आयात केलेला खुराक, आणि मलमूत्रातून उडणारा अमोनिया शेजारच्या जंगलांवर, माळांवर उतरतो. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नत्राबाबतची परवाना पद्धत रद्द ठरवली. त्याच वर्षी हजारो ट्रॅक्टर रस्त्यावर आले. न्यायालयाचं म्हणणं बरोबर होतं. पण अनेक वर्षं मोठे गोठे बांधायला, जास्त जनावरं पाळायला उत्तेजन मिळालेल्या माणसाला अचानक तूच गुन्हेगार म्हटलं तर तो चिडणार नाही तर काय करील?

जनावरांचा विषय निघालाच आहे तर ताटाकडेही बघू. जगात पिकणाऱ्या धान्यातलं सुमारे एक तृतीयांश जनावरांच्या पोटात जातं. पूर्वी जनावर आणि शेत एकाच ठिकाणी होतं, शेण तिथल्या तिथे मातीत जायचं. आता चारा एका खंडात पिकतो, जनावर दुसऱ्या खंडात असतं, आणि खत परत बोटीने येत नाही. एकीकडची माती रिकामी होते, दुसरीकडे शेणामुताची खाचरं तुंबतात. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून पाहिली. मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू बाहेर पडतात. वाटाण्यापासून तेवढीच प्रथिनं मिळवायला अर्धा किलोसुद्धा नाही. माल किती लांबून आला यापेक्षा तो काय आहे याने बहुतेक वेळा जास्त फरक पडतो. ज्यांना निवडीला वाव आहे त्यांनी शेंगा आणि कडधान्यांकडे वळावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात वायूही वाचतात आणि पुढच्या पिकाला नत्रही मागे राहतं. कोरड्या माळावर दुसरं काही पिकत नाही तिथे शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांना मात्र हा उपदेश कुणी करू नये.

आणि एवढा खटाटोप करून पिकवलेल्यातलं आपण टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशोबाने २०२२ मध्ये दुकानं, खानावळी आणि घरं यांनी मिळून १०५ कोटी टन अन्न टाकलं. त्यातलं ६० टक्के घरांमधलं. कचऱ्याच्या डोंगराखाली, हवेशिवाय कुजून त्यातून मिथेन निघतो. दक्षिण कोरियाने २००५ पासून ओला अन्नकचरा जमिनीत पुरायला बंदी घातली आणि २०१३ पासून वजनावर पैसे लावले. आता तिथला बहुतेक सगळा अन्नकचरा खत, पशुखाद्य किंवा वायू होऊन वापरात येतो. नियम कडक आहे, पण त्यासोबत गोळा करायची सोयही सरकारने उभी केली, हे विसरून चालणार नाही.

शेवटची गळती आपल्या अंगातून होते, आणि तिच्याबद्दल बोलायला लोक सगळ्यात जास्त लाजतात. मोठ्या माणसाचं अंग वाढत नसतं, त्यामुळे त्यात नत्र साठत जात नाही. जेवढं खाल्लं जवळजवळ तेवढं बाहेर पडतं, वर्षाला साधारण चार किलो, बहुतांशी लघवीतून. शहराच्या सांडपाण्यात लघवीचं आकारमान जेमतेम एक टक्का, पण नत्राचा सुमारे ८० टक्के हिस्सा तिचा. जुन्या एडोत, म्हणजे आजच्या तोक्योत, सोनखत शेतकरी पैसे देऊन उचलून नेत. एकोणिसाव्या शतकात युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या गटारांतून समुद्रात जाणाऱ्या या संपत्तीबद्दल तळमळून लिहिलं होतं. नंतर पटकी-विषमज्वराच्या भीतीने शहरांनी सगळं पाण्याने वाहून नेलं, आणि त्या काळात ते योग्यच होतं, त्याने असंख्य जीव वाचले. पण आज चांगल्यातलं चांगलं शुद्धीकरण केंद्र काय करतं? पाण्यात हवा घुसवायला वीज जाळून जिवाणूंकरवी त्या नत्राचा पुन्हा वायू करतं आणि हवेत सोडून देतं. हवेतून ओढून काढायला कारखान्यात इंधन जाळायचं आणि हवेत परत धाडायला केंद्रात वीज जाळायची.

याला पर्याय तयार आहेत. स्वित्झर्लंडमधल्या ईअवाग या जलसंशोधन संस्थेने लघवी स्थिर करून, कोळशातून गाळून औषधांचे अंश काढून, आटवून ऑरिन नावाचं द्रवखत बनवलं, आणि तिथल्या सरकारने ते खाद्यपिकांसाठीही मंजूर केलं आहे. अमेरिकेतल्या व्हर्मॉंटमध्ये रिच अर्थ इन्स्टिट्यूट २०१२ पासून घराघरातून लघवी गोळा करून, तापवून निर्जंतुक करून चाऱ्याच्या शेतांना देते आहे. यात शास्त्र अडत नाही, अडतात ते नळ. उभ्या इमारतीत एकच नळ खाली जातो आणि भिंती फोडून दुसरा टाकणं परवडत नाही. नवी इमारत बांधताना मात्र लघवीसाठी वेगळा नळ टाकून ठेवणं शक्य आहे, टाकी आज नाही तर दहा वर्षांनी बसवली तरी चालेल. त्यासाठी बांधकामाचे नियम लिहिणाऱ्या खात्याला शेतीची काळजी असायला हवी, खतावर अनुदान देणाऱ्या खात्याला गटारांची माहिती हवी, आणि दोघांनी एका टेबलाशी बसायला हवं. नव्या वस्तीचा आराखडा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा आपणही हा एक प्रश्न लेखी विचारू शकतो: दुसरा नळ कुठे आहे?